यंदा कारीट हवं

बुधवारी डिचोलीच्या बाजारात कारीट मिळालं नाही, तेव्हा मला घाम फुटला. दिवाळी सोमवारवर आलेली, २० ऑक्टोबर. पहाटे नरकासुराचा पुतळा जळणार, मग न्हाणं, मग तुळशीपुढे कारीट फोडायचं, त्याचा थेंब जिभेला लावायचा आणि त्यानंतरच पानावर पोहे. कारीट नसेल तर आमच्या घरी पुढचं सगळं अडतं. आईने महिनाभर आधीपासून एवढंच सांगून ठेवलं होतं, "बाकी काय ते बघू. यंदा कारीट हवं."

'यंदा'वर जोर होता. त्या जोराचा अर्थ मला ठाऊक होता आणि तिने तो उघड सांगू नये असंच मला वाटत होतं.

सिंधुदुर्गातल्या वाचकांना कारीट काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. ही काकडीच्या कुळातली रानवेल. पावसाळ्यात कुंपणावर, बांधावर, पडीक जागेत आपोआप उगवते. फळ लहान अंड्याएवढं, हिरवं, वर फिकट पट्टे, पिकलं की पिवळं होणारं. दिसायला इतकं गोजिरं की पोरं खेळायला घेतात. चव मात्र अशी की कारलं बासुंदी वाटावं. कडू दुधीत जे विष असतं, त्याच जातीची द्रव्यं यातही असतात, म्हणून जिभेला थेंब लावण्यापलीकडे कोणी जात नाही. नरकासुराचा वध म्हणून ते पायाखाली चिरडायचं आणि वर्षाचं सगळं कडू त्या एका थेंबात संपवायचं. मग जे काही येईल ते गोड, असा हिशेब.

घरात बाबांचं काम एवढंच असायचं, पण ते तेवढं मनापासून करायचे. चतुर्दशीच्या आदल्या दिवशी पिशवी घेऊन रानाच्या कडेने निघायचे आणि तासाभरात सात-आठ कारटं घेऊन यायचे. विकतचं कारीट त्यांना कमीपणाचं वाटे.

२०२३ साली ते रिकाम्या हाताने आले. वेली सुकून काड्या झाल्या होत्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी पहाटे फ्रीज उघडला, एक कारलं काढलं आणि तुळशीपुढे ठेवलं. "कडू ते कडू. नरकासुराला काय कळतंय!" आम्ही सगळे हसलो. कारलं काही फुटलं नाही, अंगठ्याखाली नुसतं चपटं झालं. आई हसली नाही हे मला नंतर आठवलं.

पुढच्या जूनमध्ये बाबा गेले. रात्री झोपले, सकाळी उठले नाहीत. त्यांना साखर होती, रक्तदाब होता, वय बहात्तर. कारणं शोधायला लांब जायला नको होतं. पण दिवस झाल्यावर एका दुपारी आई सुपात तांदूळ निवडत बसली होती आणि समोर कोणी नसल्यासारखी म्हणाली, "कारलं फोडलं होतं."

मी दारात उभा होतो. काही बोललो नाही. काय बोलणार? अशा समजुतीशी वाद घालता येतो, पण जिचं माणूस गेलंय तिच्याशी घालता येत नाही.

त्या वर्षीची दिवाळी दुखवट्याची. घरात तेल तापलं नाही. शेजाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे पोहे आणून दिले. आईने ते आम्हा सगळ्यांना वाढले आणि स्वतः काळा चहा घेऊन मागच्या पडवीत बसली.

तर यंदा कारीट हवं होतं.

शुक्रवारी रजा टाकून म्हापशाला गेलो. दिवाळीआधीचा शुक्रवारचा बाजार म्हणजे पाय ठेवायला जागा नाही. नरकासुराचे मुखवटे ओळीने टांगलेले, आकाशकंदील, पणत्या, माडाच्या गुळाचे काळे सुळके, आंबाड्यांचे वाटे, आणि नारळ. नारळाचा भाव ऐकून मी दोनदा विचारलं. एका मोठ्या नारळाला पन्नास रुपये मोजले आणि ज्या गोव्यात नारळ मोजून विकत घेणं हेच नवल होतं त्या गोव्याची मनातल्या मनात माफी मागितली. कारटं दिसली ती अगदी कडेला, फुलं विकणाऱ्या एका म्हातारीपुढे. केळीच्या पानावर पाच-पाचचे तीन वाटे.

"कितलीं जाय?" तिने विचारलं.

तिन्ही वाटे घेतले. पंधरा कारटं. तिने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. घरी चार माणसं असताना पंधरा नरकासुर कोण मारतं?

इथवरचं सोपं होतं. पुढची अडचण अशी की सप्टेंबरात आई अंगणातल्या शेवाळावरून घसरली होती आणि तिचा उजवा हात अजून प्लास्टरमध्ये होता. बायकोची नेमकी त्या रात्री इस्पितळात ड्युटी. म्हणजे पोहे मी करायचे. मी पर्वरीच्या फ्लॅटमध्ये कांदेपोहे करणारा माणूस. चतुर्दशीचे पोहे ही वेगळीच परीक्षा आहे.

आमच्याकडे पाच प्रकार होतात. रोसातले म्हणजे नारळाच्या दुधातले, गोडाचे, दुधातले, ताकातले आणि बटाटा घालून फोडणीचे. सोबत काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबाड्याचं सासव. आजी म्हणायची, पोहे करायचे तर पाच करावेत नाहीतर एकच, दोन-चार करून लक्ष्मीला मोजायला लावू नये. या पाचाला शास्त्राचा आधार आहे की आजीचा, हे विचारण्याची सोय आता राहिलेली नाही. 'गोडाचे' या शब्दावर घाटावरचे पाहुणे फसतात. कोंकणीत गोड म्हणजे गूळ. तेव्हा गोडाचे पोहे म्हणजे गुळाचे, आणि रोसातलेही गोडच असतात पण त्यांना गोडाचे म्हणायचं नाही. घरात आम्ही कोंकणी-मराठीची सरमिसळ बोलतो, त्यामुळे मला लहानपणी या गोंधळाचा पत्ताच नव्हता. तो बायको बेळगावहून आल्यावर लागला.

पोहे नव्या भाताचे असावेत हाही एक नेम. आजीच्या काळात नवं भात रात्रभर भिजवून, सकाळी भाजून, गरम असतानाच उखळात कांडलं जाई. दोन बायका, दोन मुसळं, आणि मुसळ खाली येतं त्या सांध्यात हात घालून पोहे परतायचं धाडस. आता आमचं शेत पडीक आहे, त्यात गवत आणि मोर. दारावर चवथीत बांधलेलं नव्याचं कणीस होतं तेही दुसऱ्याच्या शेतातलं. तांबडे गावठी पोहे बचतगटाच्या बायकांकडून घेतले, दोन किलो. "यंदाच्याच भाताचे ना?" असं तीन वेळा विचारलं. त्यांनी तिसऱ्यांदा उत्तर दिलं नाही.

रविवारी रात्री आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली. मी आदोळीवर बसलो. आदोळी म्हणजे आपली विळी-खवणी, पाटावर बसून खोबरं खवायची. पहिल्या वाटीला बोट कापलं. दुसऱ्या वाटीला करवंटीची काळी पाठ किसात आली. "पांढरं तेवढंच घे. काळं आलं की रोस मातकट होतो." चार नारळ झाले तेव्हा अकरा वाजले होते आणि लांबून नरकासुराच्या मंडपातला डीजे भिंती हलवत होता.

रोस काढणं मला येत होतं असा माझा समज होता. खोबरं कोमट पाण्यात वाटलं, पंच्यात घालून पिळलं. पहिला दाट रोस वेगळा, दुसरा पातळ वेगळा. इथपर्यंत ठीक. मग माडाचा गूळ फोडून थेट रोसात टाकला आणि भांडं गॅसवर ठेवलं, म्हटलं विरघळेल लवकर. पाच मिनिटांत रोस फाटला. वर तेलाचे डोळे, खाली चोथा. मी आईकडे पाहिलं.

"रोसाला चटका दिला की तो रुसतो," ती म्हणाली. "गूळ वेगळा विरघळवायचा. थोड्या पाण्यात. मग गाळायचा. माडाच्या गुळात काय काय असतं बघ."

गाळला तर खरंच फडक्यावर काड्या, बारीक खडे आणि एक मुंगी. दोन नारळ पुन्हा खवले. म्हणजे शंभर रुपये गेले हेही मनात आलंच. गाळलेला गूळ थंड झाल्यावर पातळ रोसात मिसळला, मग दाट रोस, वेलची, चिमूटभर मीठ. माडाच्या गुळाला मुळातच किंचित खारट अंग असतं, त्यामुळे मीठ घालताना हात आखडावा लागतो. आई म्हणाली, "चव बघू नको, नैवेद्य व्हायचाय. वास घे." वासावरून मीठ कसं कळतं हे मला अजून उमगलेलं नाही. तिला कळलं. "पुरे," म्हणाली.

तांबडे पोहे भिजवण्यातही असाच घोळ. पातळ पोह्यांसारखे ते नुसत्या पाण्याच्या हबक्याने होत नाहीत, आणि पाण्यात बुडवून ठेवले तर लापशी. चाळणीत घालून दोन पाण्यांनी धुवायचे, निथळायचे, झाकून ठेवायचे. दाबला तर दाणा मोडला पाहिजे पण बोटाला चिकटता कामा नये. रोसातले पोहे तर आधी कालवायचेच नाहीत. पानं मांडली की मगच. नाहीतर पोहे सगळा रोस पिऊन टाकतात आणि वाढायला खिचडी उरते.

दुधातले आणि ताकातले यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. दूध, साखर, वेलची, पोरांसाठी. ताकात आलं, हिरवी मिरची, हिंग, वर मोहरीची फोडणी. बटाट्याचे मला येत होतेच, आणि त्यांचं कौतुक कोणीच करत नाही हे इथे नोंदवून ठेवतो. उसळीला रगड्याऐवजी मिक्सर चालला. सासवासाठी आंबाडे, खोबरं, सुकी मिरची, गूळ आणि मोहरी. मोहरी नेमकी किती वाटायची यावर मी चुकलो आणि ते सासव नाकात गेलं, पण पाहुण्यांनी ते हसत खाल्लं.

गोडाच्या पोह्यांना आईने मला हात लावू दिला नाही. खोबरं, किसलेला गूळ, भिजलेले पोहे, बस्स. यात विस्तव नाही, चमचा नाही, सगळं चोळण्यावर. तिने परात मांडीवर घेतली, प्लास्टरचा हात खुर्चीच्या दांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने चोळायला लागली. जन्मभर उजव्या हाताने केलेलं काम. बोटं आधी गडबडली. गुळाचा खडा अंगठ्याखाली येई आणि निसटे. ती थांबे, पुन्हा त्याला गाठे, परातीच्या कडेशी दाबून फोडे. हळूहळू पोह्यांचा रंग बदलला, तांबड्याचा तपकिरी झाला, आणि गुळाला सुटलेल्या पाण्याने ते चकाकायला लागले. वीस मिनिटं लागली असतील. मी मदत करू का असं विचारलं नाही. मुलगी तेवढ्यात उठून आली आणि परातीकडे बघत भिंतीला टेकून उभी राहिली. तीही काही बोलली नाही, हे तिच्या बाबतीत नवल.

नरकासुर जळाला पाचच्या सुमाराला. आमच्या वाड्यावरचा यंदा मोठा केला होता, पोफळीच्या झाडाएवढा म्हणाना, पोटात गवत आणि फटाके. शेजारी कृष्ण म्हणून एक चौथीतला मुलगा, झोपेने डुलत. गोव्यात दरवर्षी हा वाद रंगतो, असुराचा एवढा थाट आणि देवाला कोणी विचारत नाही. रात्रभराच्या डीजेबद्दल माझंही मत वादाच्या बाजूने आहे. पण मुंडकं उडालं आणि पहिला धूर वर गेला, की पाय आपोआप न्हाणीकडे वळतात.

पूर्वी न्हाणीत तांब्याचं भाण असे, आदल्या रात्री घासून, पाणी भरून, झेंडूची माळ घातलेलं. भाण आता माळ्यावर आहे. आईने माळ गिझरला घातली. दरवर्षी घालते. कंपनीच्या स्टिकरच्या वर झेंडू आणि आंब्याची पानं. खोबरेल तेल, उटणं, कढत पाणी, आणि मग ओलेत्याने तुळशीपुढे.

पंधरा कारटं मी सुपात घालून ठेवली होती. त्यातलं एक पूर्ण पिवळं झालेलं आईने उचलून बाजूला ठेवलं. "हे फोडायचं नाही." का ते मी तेव्हा विचारलं नाही. एक खाली ठेवलं, डाव्या पायाचा अंगठा त्यावर टेकवला आणि "गोविंदा!" म्हणून दाब दिला.

अंगाला तेल. कारीट सटकलं, वृंदावनावर आपटलं आणि थेट गटारात.

आईचा चेहरा मला बघवला नाही. खरं सांगतो, या सगळ्यावर विश्वास नसणारा मी, माझीही छाती त्या क्षणी धडधडली. दुसरं घेतलं. पाय पंच्याने कोरडा केला, टाच रोवली, जोर दिला. टप्प! असा आवाज झाला, बिया पायावर उडाल्या. पंधरा घेतली होती याचं मला आता काही वाटलं नाही. मुलीनेही एक फोडलं, मग आणखी दोन. बोटाने रस जिभेला लावला. तो कडवटपणा जिभेवर राहत नाही, कानांपर्यंत चढतो. आईने स्वतःच्या जिभेला लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ मिटलेलेच ठेवले.

मग पोहे. आधी तुळशीला, कावळ्याला, मग आम्हाला केळीच्या पानावर. आई जेवायला बसली. एवढं पुरे.

सातनंतर माणसं यायला लागली. चतुर्दशीच्या सकाळी गावात पोहे खायला घरोघर जायचं असतं, बोलावण्याची वाट बघायची नसते. पलीकडच्या आंटीकडे मुलीच्या हाती ताट पाठवलं. तिने ते रिकामं परत केलं नाही, चार केळी घालून पाठवली. नाताळात तिच्याकडून दोदोल आणि नेवऱ्या येतील, तेव्हा आमचंही ताट रिकामं जाणार नाही.

शेजारचे काका-काकी आले. काकांचं वय ऐंशी, भूक अठराची. ते पानावर बसले, मी वाढत होतो, आई भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघत होती. पुढच्या वर्षीची दिवाळी कधी ते काकींनी विचारलं. मी फोनवर पाहून सांगितलं, ८ नोव्हेंबर.

"एवढी उशिरा?" काकी.

"अधिक महिना आहे. ज्येष्ठ."

आई वळली. "मागे कारीट मिळालं नव्हतं, त्या वर्षी पण अधिक होता. दोन श्रावण आले होते. श्रावणी रविवारचं आयतारपूजन महिनाभर लांबलं, मला आठवतंय."

"हो," मी म्हटलं. "त्या वर्षीची चतुर्दशी १२ नोव्हेंबरला. पाऊस जाऊन महिना झालेला. वेली सुकणारच."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग काकींना विचारलं, "त्या वर्षी तुमच्याकडे कारीट मिळालं होतं?"

"कसलं मिळतंय गो! सगळा वाडा पालथा घातला. शेवटी ह्यांनी परसातलं तेंडलं फोडलं."

"तेंडलं?"

"तेंडलं. कडू पण नव्हतं. नुसतं चिरडलं आणि बसले पोह्यांना."

काकांनी मान हलवली, त्यांच्या तोंडात घास होता. पान पुढे सरकवून त्यांनी रोसातल्या पोह्यांकडे बोट दाखवलं. तिसऱ्यांदा. मी वाढलं. आई त्या पानाकडे बघत राहिली, काकांच्या मनगटाकडे, ओरपण्याच्या आवाजाकडे. मग तिला हसू आलं. आधी ओठांतच, मग खांदे हलायला लागले, प्लास्टरचा हात पोटाशी धरून ती हसत होती. काकींना कळेना काय झालं. "तेंडलं," ती म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावला.

दुपारी सगळी गेल्यावर मी भांडी घासत होतो. ओट्यावर खुडबुड ऐकू आली म्हणून पाहिलं तर आईने ते पिवळं कारीट सुरीने चिरलं होतं, डाव्या हाताने, वेडंवाकडं. बिया चाळणीत घेऊन नळाखाली धरल्या होत्या. मग जुन्या वर्तमानपत्रावर एकेक मोकळी करून पसरली.

"नारळी पुनवेला पेर," मला म्हणाली. "आधी नको. आधी पेरलंस तर ऑक्टोबरातच होऊन जाईल."

"फ्लॅटच्या गॅलरीत येईल का?"

"कुंडी मोठी घे. आणि वेल चढवायला दोरी बांध."

कागद तिने गिझरच्या माळेखाली, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. तिथे दुपारनंतर ऊन येतं.